भर दिवसा गोष्ट

दुकानदार साईनाथने पुस्तक हातात ठेवलं आणि अंजूला ते तसंच परत करावंसं वाटलं. पुस्तक काही जड नव्हतं. थोड्या पानांचं, जाड पुठ्ठ्याचं, वर एक लाल खेकडा आणि खेकड्याच्या डोक्यावर टोपली. "अंजूताई, आज नाय म्हनायचं नाय हां. तुमची पाळी किती वेळा पुढं ढकलली ते माझं मलाच माहीत," असं म्हणून तो गल्ल्यामागच्या स्टुलावर जाऊन बसलासुद्धा, जणू विषय संपला. सतरंजीवर पोरं रविवारच्या गोष्टीसाठी मांडी घालून तयार होती. मनस्वी सगळ्यांत पुढे, आणि 'माझी आई वाचणार' हे तिच्या तोंडावर इतकं स्पष्ट दिसत होतं की ते वाचायला शाळेत जायची गरज नव्हती. थंडीचे दिवस. दारातून आलेलं ऊन सतरंजीच्या मध्यापर्यंत पसरलं होतं, अंगावर घ्यावंसं, लख्ख. त्या उन्हाकडे बघून अंजूला वाटलं, कुणीतरी उठून दुकानाचं शटर अर्धं ओढून घेईल तर बरं होईल.

अंजू काही अडाणी बाई नव्हती. शहापुरातल्या एका लॅबमध्ये ती रक्त तपासायची. काचपट्टीवरच्या थेंबात हिवतापाचा जंतू शोधून काढणाऱ्या तिच्या डोळ्यांना नजर लागणं, दृष्ट काढणं असल्या गोष्टी कधी दिसल्या नव्हत्या. भातसानगरला धरणाच्या क्वार्टरमध्ये शेजारणीने तिच्या दाराला प्रेमाने बांधलेली काळी बाहुली तिने दुसऱ्या दिवशी तितक्याच प्रेमाने परत केली होती. पण एक नेम तिने मनस्वी जन्मल्यापासून पाळला होता, आणि तोही कुणाला कळू न देता. ती लेकीला दिवसा गोष्ट वाचून दाखवत नसे. दिवे लागले, भांडी झाली, की मग पुस्तक उघडायचं. सुट्टीच्या दिवशी दुपारी पोरगी पुस्तक घेऊन मागे लागली की अंजूला नेमके तांदूळ निवडायचे आठवायचे. किशोर, तिचा नवरा, हसून म्हणायचा, "मनू, तुझ्या आयचं दुकान दिवेलागणीलाच उघडतं गो." मनस्वीला वाटायचं, सगळ्यांच्याच घरात असं असतं. रविवारी साईनाथच्या दुकानात बाकीच्यांचे आईबाप भर सकाळी वाचतात ते तिला दुकानाचं वेगळेपण वाटे, हॉटेलात गेल्यावर घरी न होणारं काहीतरी खायला मिळतं तसं. आणि दुसऱ्यांनी वाचलेलं ऐकायला अंजूची हरकत नव्हती. दुसऱ्यांनी वाचलं तर दुसऱ्यांचे मामा चुकतील, आपल्याला काय, हा कायदा तिने स्वतःच करून ठेवला होता आणि स्वतःपुरता तो चोख चालत होता.

कारण मूळ कायदा तिचा नव्हता. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाड्यावर हे कुणी कुणाला शिकवत नाही, पोहायला जसं कुणी शिकवत नाही तसंच. तिचे बाबा, धाऊ, गोष्टी सांगण्यात अख्ख्या पाड्यात एक नंबर. वाघाच्या, चोराच्या, हंड्यात बसून लग्नाला गेलेल्या राजाच्या. पण उजेड असेपर्यंत तोंडातून अवाक्षर निघायचं नाही. शेतात बांधावर बसून भाकर खाताना अंजू आणि तिच्याहून लहान नामा दोघं लोचटासारखी मागे लागायची, आणि बाबा घास चावत म्हणायचे, "तुमचा नवसूमामा निघाला असंल रं. त्याला कुठं जंगलात फिरवताय?" एकदा गुरं चारताना नामाने कातळावर बसून अंजूला हंड्यातल्या राजाची गोष्ट सांगितलीच, तीही भर दुपारी, अगदी बाबांच्या थाटात हातवारे करून. आणि नवसूमामा खरोखरच चुकला! मुरबाडला उतरून भलत्याच गावाच्या जीपमध्ये बसला, तिथे कुणाचं तरी लग्न होतं, त्या वऱ्हाडात जेवला, नाचला, आणि दोन दिवसांनी फणस खांद्यावर घेऊन पाड्यावर उगवला. नामाची छाती फुगली होती. "मी चुकवला मामाला," असं तो महिनाभर सांगत फिरला. अंजू मात्र त्या दोन रात्री नीट झोपली नव्हती. तिला वाटलं होतं, मामा रानात उभा आहे आणि सगळ्या वाटा एकसारख्या दिसतायत.

मग मनस्वी झाली आणि मामा होण्याची पाळी नामावर आली. बारशाला आला होता तो, नवा शर्ट, केसांना तेल, बाळाला धरताना हात पुढे करावेत की मागे घ्यावेत ते कळेना. बाळ मांडीवर घेऊन तो अंजूला म्हणाला, "ताई, आता दिवसा गोष्टी बंद हां. आता चुकनारा मी हाय." सगळे हसले. बाबा सगळ्यांत जास्त हसले. त्यानंतर नामा बोअर मारायच्या गाडीवर कामाला लागला आणि ती गाडी त्याला घेऊन दक्षिणेत गेली, जिथे जमिनीत खोल खोल पाणी लागत नाही तिथे. फोन यायचे. मागे मशीनचा आवाज, पुढे त्याचा आवाज, आणि दोन्हींत काही फार फरक नसायचा. मग बाबा गेले. नामाला निरोप मिळाला होता. निघतो म्हणाला. पहिल्या दिवशी आला नाही, दहाव्याला आला नाही, तेराव्याला मांडवात त्याच्या वाटणीची जागा रिकामी राहिली आणि चुलत्याने विधी उरकले. का आला नाही, हे त्याने कधी सांगितलं नाही आणि आईने, जनाबाईने, कधी विचारलं नाही. एकदा न आलेल्या माणसाला पुढच्या वेळी येणं जास्त जड जातं. दिवाळीला येतो म्हणायचा. शिमग्याला येतो म्हणायचा. अंजू एस.टी. स्टँडवर मनस्वीला घेऊन उभी राहायची, शेवटची गाडी रिकामी झाली की पोरीला उसाचा रस पाजून घरी आणायची. मनस्वी एव्हाना मामा म्हणजे उसाचा रस असं समजायला लागली होती.

आणि काल संध्याकाळी फोन आला. मागे मशीनचा आवाज नव्हता. नामा म्हणाला, बोअरची गाडी नाशिकच्या बाजूला आलीय, उद्याची सुट्टी काढलीय, सकाळी निघतो, शहापूरला उतरतो. "तू कुठं असशील?" अंजू म्हणाली, सकाळी मनूला घेऊन पुस्तकांच्या दुकानात असते मी रविवारी, कुणालाही विचार. "बरं, तिथंच येतो," म्हणाला आणि ठेवून दिला, जसा रोज येणारा माणूस ठेवतो. अंजूने हे किशोरला सांगितलं, आईला सांगितलं नाही. आईला आलेल्या माणसाबद्दलच सांगायचं, येणाऱ्याबद्दल नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. सकाळी निघताना तिने डब्यात तांदळाच्या चार भाकऱ्या आणि सुकटाची चटणी बांधून घेतली, आणि ते बांधताना स्वतःला बजावलं, आला नाही तर आपणच खाऊ. आता तो डबा पिशवीत, पिशवी पायाशी, आणि हातात खेकड्याचं पुस्तक. आजच. वर्षभर चुकवलेली पाळी साईनाथला आजच आठवायची होती. तो बिचारा काय करणार? त्याचा नियमच होता की इथे मास्तरांनी वाचायचं नाही, घरच्या माणसाने वाचायचं. वाचताना अडखळलं तरी चालेल, पोरांना घरचा आवाज कानावर पडला पाहिजे. गेल्या रविवारी एका पोराच्या वाल्मिक आजोबांनी चष्मा विसरून आल्यामुळे अर्धी गोष्ट चित्रं बघून सांगितली होती आणि ती पोरांना छापलेल्या गोष्टीपेक्षा आवडली होती.

"आई, वाच ना." मनस्वीने तिच्या साडीचा काठ ओढला. अंजूने पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर शेताचा बांध आणि बांधातलं खेकड्याचं बीळ. खाली मोठ्या अक्षरात एकच ओळ. ती ओळ तिला दिसत होती, कळत होती, आणि ओठांपर्यंत येऊन परत जात होती. हे काय चाललंय, असं तिने स्वतःलाच झापलं. एकीकडे नाशिकहून निघालेली एस.टी., दुसरीकडे हे कागदावरचं खेकडं, यांचा एकमेकांशी संबंध काय? काहीही नाही. पण आजवर तो जेव्हा जेव्हा आला नाही तेव्हा तिच्याकडून काही चुकलं नव्हतं, आणि आज जर तो आला नाही तर एक गोष्ट वाचलेली असेल. मग आयुष्यभर ती गोष्ट आपण वाचलेली असेल. तिला बाबांचा घास चावणारा जबडा दिसला. दुकानात खताचा जुना वास अजून होता, अगदी पुसट. साईनाथच्या वडलांचं इथे खताचं, बियाण्याचं दुकान होतं. बाबा मुरबाड सोडून दर वर्षी तिला आणि नामाला घेऊन इथेच भाताचं बी घ्यायला यायचे, आणि साईनाथचा म्हातारा दोघांच्या हातांवर एकेक लिमलेटची गोळी ठेवायचा. युरियाच्या गोण्या जिथे रचलेल्या असायच्या तिथेच आता कपाटात पुस्तकं होती. ती उठली. "एक फोन करून येते," म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता पायरीवर आली.

पाड्यावर रेंज एकाच ठिकाणी येते, घरापुढच्या उंबराखाली. म्हणून आईचा मोबाईल पिशवीत घालून त्या उंबराच्या फांदीला टांगलेला असतो, आणि वाजला की जो जवळ असेल तो ओरडतो. बऱ्याच वेळाने आई फोनवर आली. "काय गो, पोरगी बरी हाय ना?" "बरी हाय. आये, एक इचारू?" "इचार की." अंजूने आजूबाजूला बघितलं. समोर कांदेवाला मापं टाकत होता. तिने आवाज खाली आणला. "दिवसा गोष्ट सांगायची नसती ना. मग वाचलेली चालती का? तोंडची नाय, पुस्तकातली. बघून वाचायची." मग आई म्हणाली, "त्याचा फोन आलता ना तुला?" अंजूने हुंकार भरला. "मला पन आलता," आई म्हणाली. "आये, मी वाचली आन् त्यो..." "गप. तुझा बाप गेला तवा कोन दिवसा गोष्टी सांगत होता गो? सगळी मुक्यानं बसलेली. चूल पेटली नव्हती आपल्या घरात. तरी आला का त्यो?" तिच्या आवाजात राग नव्हता. इतकी वर्षं अंजू तो राग शोधत होती, निदान राग तरी असेल म्हणून. "वाट चुकाया आदी वाटंला लागाया पायजे, अंजे. घरातून पाय काडंल त्यो मानूस चुकंल. बसून ऱ्हायलेला कसा चुकंल? तू वाच. पोरगी खोळंबली असंल." अंजू बरं म्हणाली. फोन ठेवायच्या आधी आई सहज काही आठवल्यासारखं बोलली, "तांदूळ जास्तीचा पडला गो आज हातून. बगू, कोन खातंय."

अंजू पायरीवरच उभी राहिली. डोळे भरून आले आणि तिने ते कांदेवाल्याच्या देखत पदराने पुसले. आईपण आपल्यासारखंच जास्तीचं रांधून बसलीय, हे तिला कळलं. रागावलेली नाही, विसरलेली नाही, आशा सोडलेली नाही. फक्त आशेला तोंड वर काढू देत नाही. आणि आपण तरी काय करतोय? दिवेलागणीला पुस्तक उघडणं म्हणजे काय होतं? तो येईल म्हणून वाट मोकळी ठेवणंच होतं की. सात वर्षं एक वाट झाडून ठेवली आणि तिच्यावरून कुणी आलं नाही, म्हणून आता ती वाट चुकीची म्हणायची की येणारा? तिला नामाचा राग आला, पहिल्यांदाच पुरता आला. बारशाला मांडीवर बाळ घेऊन स्वतःच सांगून गेलास, चुकणारा मी आहे म्हणून, आणि चुकायलासुद्धा निघाला नाहीस. रागाबरोबर तो कातळावर हातवारे करणारा नामाही आला, वाढत्या अंगाचा, ढगळ चड्डीतला, आणि मग राग तेवढा उरला नाही.

आत येऊन ती सतरंजीवर पोरांच्यातच बसली, खुर्चीवर नाही. "आधी एक सांगते," ती म्हणाली. "आमच्या पाड्यावर म्हनतात, दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. कुनाचा मामा आज कुठं निघालाय का?" पोरं गंभीर झाली. असा प्रश्न त्यांना या दुकानात आजवर कुणी विचारला नव्हता. "माझा मामा घरी झोपलाय," एक मुलगी म्हणाली. "माझा मामा रिक्षा चालवतो, त्याला सगळ्या वाटा माहीत हायेत." "मला मामाच नाय," मागून एकजण म्हणाला आणि याचा फायदा आहे की तोटा ते न कळून इकडेतिकडे बघायला लागला. मनस्वीने हात वर केला. "माझा मामा आज येनारे." सगळे तिच्याकडे वळले. रिक्षावाल्या मामाच्या भाच्याने विचार करून तोडगा काढला, "मग हळू वाचा ना. त्याला ऐकू गेलं नाय तर चुकनार नाय." साईनाथ गल्ल्यामागे तोंडावर हात ठेवून हसत होता. अंजूलाही हसू आलं, आणि तिने पहिलं पान पुन्हा उघडलं.

ती हळू वाचायला लागली. खेकड्याला बहिणीच्या घरी जायचं होतं. बहीण समोरच्या बांधात राहायची, अगदी नाकासमोर. खेकड्याने टोपलीत खाऊ भरला, बहिणीच्या बिळावर नजर लावली आणि चालायला लागला. पण खेकडाच तो, चालला आडवा. पोहोचला बेडकाच्या घरी. बेडकाने विचारलं, कुणाकडे निघालास? बहिणीकडे. मग इकडे कसा? माहीत नाही, मी तर तिच्याकडेच बघत होतो. पोरं खिदळली. वाचता वाचता अंजूला आवाज वेगळा ऐकू यायला लागला. हा आपला नाही. 'बघत होतो' वर थोडं थांबून मान हलवायची ही लकब आपली नाही. बाबा हंड्यातल्या राजाला बोलायला लावायचे तेव्हा असेच थांबायचे. बाबांच्या गोष्टींतली एकही गोष्ट तिने कधी मनस्वीला सांगितली नव्हती; त्या नामाच्या आहेत, तो सांगेल, असं कुठेतरी मनात होतं. आणि बाबा तर इथेच बसलेले, भर उजेडात, याच दुकानात, तिच्या तोंडात. तिचा आवाज कधी मोठा झाला ते तिलाच कळलं नाही. खेकडा पुन्हा निघाला, पुन्हा आडवा, आता बगळ्याच्या दारात पोहोचला, आणि पोरं श्वास रोखून बसली, कारण बगळा खेकडे खातो हे इथल्या पोरांना पुस्तकाने सांगावं लागत नाही.

तेव्हा फोन वाजला. पिशवीत, डब्याच्या खाली. तिने बगळ्याला तसंच चोच उघडून उभं ठेवलं आणि फोन काढला. "ताई," नामा म्हणाला. मागे ट्रकचे हॉर्न, माणसं, कुणीतरी वाटाणे विकत होतं. "ताई, मी शहापुरात हाय. पन वाट चुकलो." अंजूने डोळे मिटले. "गाडी नव्या पुलावरनं पुढंच गेली, लांब सोडलान मला. चालत मागं आलो. पुस्तकांचं दुकान इचारलं तर शाळेजवळ धाडलान, तिथं नुसत्या वह्या, त्ये पन बंद. सगळंच बदललंय गो. कुठून कुठं आलो तेच कळंना." ती म्हणाली, "बाबा बी घ्यायचे त्ये दुकान आठवतं का? गोळी द्यायचा म्हातारा?" "आठवतं." "तिथंच पुस्तकांचं दुकान हाय आता." तो म्हणाला, "त्या गल्लीच्या तोंडाशी येऊन मघाच मागं शाळेपाशी आलो मी. वाटलं, चुकीच्या ठिकानी आलो." अंजूला सगळं समजलं. पूल नवा होता हे खरं, रस्ते बदलले हेही खरं. पण बाबांचं बोट धरून जिथे आला, तिथे बाबांशिवाय पाय वळेना, हे सगळ्यांत खरं. तेराव्याला मांडवात यायलाही त्याला अशीच एखादी गल्ली ओलांडता आली नसेल. वाटेला लागला होता तो. तेव्हाही लागला असेल, कोण जाणे. "नामा," ती म्हणाली, "हायेस तिथंच उभा ऱ्हा. हलू नको." "बरं," तो म्हणाला, लहानपणी म्हणायचा तसं.

तिने फोन ठेवला तेव्हा सगळी सतरंजी तिच्याकडे बघत होती. मामा चुकला ही बातमी कुणाला सांगायची गरजच नव्हती. रिक्षावाल्याचा भाचा अपराध्यासारखा म्हणाला, "तुमी मोठ्यानं वाचायला लागलेल्या." अंजू उठली, पुस्तक उघडंच मनस्वीच्या मांडीवर ठेवलं आणि बगळ्याच्या चोचीवर तिचं बोट टेकवलं. "इथून पुढं तू वाच." मनस्वीने पुस्तकाकडे पाहिलं, दारातल्या उन्हाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "पन मी वाचलं तर मामा आनखी चुकंल ना?"

"चुकू दे," अंजू म्हणाली. "मी चाललेय ना त्याला आनाया."

पायरीवर पोरांच्या चपलांचा ढीग पडला होता, त्यात तिची एक सापडली आणि दुसरी सापडेना, तेव्हा सापडलेलीही टाकून ती तशीच अनवाणी बाजारात उतरली. मागे मनस्वीने घसा साफ केला आणि कांदेवाल्यानेसुद्धा मान वळवून बघावं एवढ्या मोठ्या आवाजात पुढचं पान वाचायला घेतलं.